चार्जिंग स्टेशन उभं राहिलंय, पण सुरू कधी होणार?

भटकी_चाकं
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, तेव्हा सांभाळून घ्या.

माझ्या रोजच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर नवीन ईव्ही (इलेक्ट्रिक गाड्यांचं) चार्जिंग स्टेशन झालंय. झालंय म्हणजे काय, तर शेड उभी आहे, खाली हिरवे पट्टे मारलेत, दोन उंच डीसी (म्हणजे जलद) चार्जर बसवलेत आणि त्यांच्या गन (गाडीला लावायचे प्लग) अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर चिकटपट्टी लावून ठेवलेल्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं की आता आठवड्याभरात चालू होणार. पण आता ते हिरवे पट्टे फिके पडायला लागलेत, त्यावर लोक बिनधास्त पेट्रोलच्या गाड्या लावतात आणि ॲपमध्ये अजून नुसतं 'लवकरच'.

प्रश्न दोन आहेत. एक म्हणजे एवढं सगळं बसवून झाल्यावर घोडं अडतं कुठे? आणि दुसरा, मला इलेक्ट्रिक गाडी घ्यायचीच आहे पण घरच्या पार्किंगला प्लग नाहीये (मागितलाय, 'विचार चालू आहे' असं उत्तर आहे), तर हे स्टेशन सुरू होईपर्यंत थांबावं की घेऊन टाकावी?

खवट
ॲपवाल्यांचं 'लवकरच' म्हणजे 'परत विचारू नका'. पट्ट्यांना दुसरा हात मारायच्या आत सुरू झालं तर कळवा.

टॉर्कवाला
घेऊन टाका. गाड्या रस्त्यावर आल्या की चार्जर आपोआप येतात.

दुसरा_मजला
टॉर्कवाला, तुम्ही स्वतःच्या गॅरेजमध्ये प्लग लावून झोपत असाल म्हणून हे सुचतंय. ताई, अजिबात घेऊ नका. मला गाडी विकताना शोरूमवाल्याने हेच गाजर दाखवलं होतं, तुमच्या घराजवळ स्टेशन होतंय, बोर्डसुद्धा लागलाय वगैरे. बोर्ड खराच लागला होता. तो अजूनही आहे आणि त्याच्या मागे गवत वाढलंय. मी दर दोन-तीन दिवसांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन रांगेत बसतो, लॅपटॉप मांडीवर घेऊन. घरचे म्हणतात गाडी तू चालवतोस की गाडी तुला. गाडी उत्तम आहे, त्याबद्दल एक अक्षर तक्रार नाही. तक्रार आहे ती 'होतंय' असं सांगून माल विकणाऱ्यांबद्दल.

टॉर्कवाला
गॅरेज आहे हे कबूल :) पण मग तुमच्यासारख्यांनी गाड्या घेतल्याच नाहीत तर स्टेशनवाला कुणाच्या भरवशावर पैसे घालणार?

दुसरा_मजला
म्हणजे त्याच्या धंद्याची जोखीम मी घ्यायची. छान.

फेज_न्यूट्रल
मी इलेक्ट्रिकल कंत्राटदार आहे, अशी कामं हाताखालून गेलीत म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. आधी एक सांगा, त्या चार्जरच्या आसपास, बहुतेक कडेला कुंपणाजवळ, एक काँक्रीटचा चौथरा दिसतोय का? आणि त्यावर काही बसवलेलं आहे की नुसते बोल्ट वर आलेत?

भटकी_चाकं
आज मुद्दाम थांबून बघितलं. चौथरा आहे, बऱ्यापैकी मोठा, भोवती जाळीचं कुंपण. वर काहीच नाही. बोल्ट आहेत, त्यांना गंजू नये म्हणून ग्रीस लावून कागद गुंडाळलाय. शेजारी जमिनीतून दोन जाड काळे पाईप वर आलेत, तोंडं बंद केलेली. एका पाईपच्या बुडाशी मुंग्यांनी घर केलंय.

फेज_न्यूट्रल
मग निदान झालं. ट्रान्सफॉर्मर आलेला नाही. तुमचं स्टेशन जेवढं दिसतंय तेवढं झालंय, पण त्याला वीजच नाही.

जरा सविस्तर सांगतो कारण हा गैरसमज खूप ठिकाणी दिसतो. लोकांना वाटतं चार्जर म्हणजे मुख्य काम. चार्जर तर सगळ्यात सोपा असतो हो, क्रेनने उचलायचा, चार बोल्ट आवळायचे, अर्ध्या दिवसाचं काम. समजा ते दोन्ही चार्जर ६० किलोवॅटचे आहेत, म्हणजे १२० किलोवॅटचा भार. साध्या घराचा तीन ते पाच किलोवॅट धरला तर पंचवीस ते चाळीस घरं एकदम नवीन जोडल्यासारखं होतं, आणि तेही एका कोपऱ्यात. गल्लीतल्या लाईनवर एवढा भार टाकता येत नाही. मग उच्च दाबाच्या लाईनवरून केबल आणायची, त्यासाठी वीज कंपनीकडे भार मंजूर करून घ्यायचा, तिथल्या सबस्टेशनची तेवढी क्षमता शिल्लक आहे का ते कंपनी बघणार, नसेल तर आधी तिकडे काम. केबलसाठी रस्ता खोदायची परवानगी वेगळ्या खात्याकडून. ट्रान्सफॉर्मर ऑर्डर द्यायचा, आणि तो दुकानातून उचलून आणायची वस्तू नाही, सध्या जगभर ट्रान्सफॉर्मरला लांब वेटिंग आहे. मग मीटर, मग अर्थिंग, मग सुरक्षा तपासणी. यातलं एक जरी अडलं तरी पुढचं सगळं थांबतं. आणि चार्जर आधीच का बसवले म्हणाल तर ते आलेले होते आणि गोदामाचं भाडं कोण भरणार.

खवट
आणि फोटोत ते छान दिसतात. चौथऱ्याचा फोटो काढून कोण टाकणार?

निळीशाई
फेज_न्यूट्रल, फार छान समजावलंत. एक शंका, मग हे लोक सरळ सौर पॅनेल लावून मोकळे का होत नाहीत? शेड तर आहेच.

फेज_न्यूट्रल
गणित करून बघा. भर उन्हात एका चौरस मीटरच्या पॅनेलमधून साधारण २०० वॅट निघतात. ६० किलोवॅटचा एक चार्जर नुसत्या उन्हावर चालवायचा तर ३०० चौरस मीटर पॅनेल पाहिजेत आणि ढग आला की बोंब. शेडवर लावतात ते वीजबिलाला हातभार म्हणून. मोठी बॅटरी ठेवून हळूहळू भरायची आणि गाडी आली की भराभर सोडायची, असं काही ठिकाणी करतात, लाईन कमकुवत असेल तिथे ते चांगलं चालतं. पण बॅटरीचा खर्च वाढतो.

पेट्रोलप्रेमी
पाच मिनिटांत टाकी फुल्ल, ना ॲप ना चौथरा. चालू द्या तुमचं.

रात्रपाळी
आले बघा. प्रत्येक धाग्यावर हजेरी लावायचा पगार मिळतो का तुम्हाला?

जुनी_चाके
पेट्रोलप्रेमी, तुमच्या लाडक्या पेट्रोल गाडीची सुरुवातसुद्धा पंपाविनाच झाली होती बरं का. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याला (पेट्रोल गाडी बनवणारा कार्ल बेंझ) न सांगता त्याची तीनचाकी गाडी घेऊन दोन मुलांसह जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली, एका बाजूचं अंतर शंभरेक किलोमीटर. वाटेत इंधन संपत आलं. पंप कुठे होते तेव्हा? वीसलॉख गावात औषधाच्या दुकानात लिग्रोइन नावाचं द्रव मिळायचं, डाग काढायला वापरायचे ते, तिने तेच विकत घेतलं आणि पुढे गेली. ते दुकान आजही जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं.

आणि उलटी गंमत म्हणजे त्याच काळात इलेक्ट्रिक गाड्या जोरात होत्या. ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली गाडी इलेक्ट्रिक होती, १८९९ साली, बेल्जियमचा कामी जेनात्झी चालवत होता. १९०० साली अमेरिकेत पेट्रोलपेक्षा इलेक्ट्रिक गाड्या जास्त बनल्या. मग पेट्रोल स्वस्त झालं, १९१२ मध्ये कॅडिलॅकने बटणाने सुरू होणारं इंजिन आणलं त्यामुळे हँडल मारायची कटकट गेली, आणि मुख्य म्हणजे शहराबाहेर घरोघरी वीजच नव्हती. तेव्हाही गाडी होती, प्लग नव्हता.

पेट्रोलप्रेमी
म्हणजे सव्वाशे वर्षं झाली तरी प्लग नाहीच. माझाच मुद्दा मांडल्याबद्दल आभार.

जुनी_चाके
हा हा, हे मात्र बरोबर पकडलंत.

रात्रपाळी
मी टॅक्सी चालवतो, इलेक्ट्रिक. माझ्यासाठी चार्जर म्हणजे शौक नाही, पोटाचा प्रश्न. माझंही घर असंच आहे, प्लग लावायला जागा नाही. तरी मी गाडी घेतली आणि निभावतोय, कारण मी स्टेशनला रात्री उशिरा जातो, तेव्हा कुणी नसतं. संध्याकाळी गेलात तर मेलात. भटकी ताई, तुम्हाला माझा सल्ला, नवीन स्टेशनची वाट बघू नका पण जे आत्ता चालू आहे तिथे वेगवेगळ्या वेळी जाऊन नुसतं उभं राहून बघा. किती गन आहेत त्यातल्या किती चालतात, रांग कधी असते, रात्री दिवा आहे का, गेट बंद करतात का. ॲपवर 'उपलब्ध' दिसतं आणि तिथे गेल्यावर साखळी लावलेली असते, हे माझ्याबरोबर कितीतरी वेळा झालंय. आणि बाईमाणसाने रात्री एकटीने तिथे बसायचं तर जागा कशी आहे हे बघायलाच पाहिजे, राग मानू नका.

भटकी_चाकं
राग कसला, हा मुद्दा मी यादीत घेतलाच नव्हता. आता घेते. ते नवीन स्टेशन त्या बाबतीत चांगलं आहे, समोर वर्दळ असते.

निळीशाई
रात्रपाळी यांच्या प्रतिसादाला हजार अनुमोदनं. मी चार्जर नसण्यापेक्षा बंद चार्जरला जास्त घाबरते. नसलेल्याच्या भरवशावर कुणी निघत नाही हो, पण ॲपवर हिरवा दिसणाऱ्याच्या भरवशावर बॅटरी दहा टक्क्यांवर आणून माणूस पोचतो आणि तिथे स्क्रीन काळी.

म्हणून इंग्लंडात नियमच केला, सार्वजनिक जलद चार्जरचं जाळं चालवणाऱ्याला वर्षाला सरासरी ९९ टक्के वेळ ते चालू ठेवायचं बंधन, नोव्हेंबर २०२४ पासून. अमेरिकेत महामार्गावरच्या चार्जरना सरकारी पैसे देताना ९७ टक्क्यांची अट घातली. युरोपियन युनियनमध्ये १३ एप्रिल २०२४ नंतर बसवलेल्या ५० किलोवॅट आणि वरच्या चार्जरवर साधं बँकेचं कार्ड चाललंच पाहिजे असं आहे. माझ्या फोनमध्ये चार्जिंगची एवढी ॲप आहेत आणि प्रत्येकात थोडे थोडे पैसे अडकलेत, त्यामुळे तो नियम वाचून मला भरून आलं.

खवट
९९ टक्के म्हणजे उरलेला एक टक्का नेमका मी पोचतो तेव्हा.

दुसरा_मजला
+१

टॉर्कवाला
बरं पण कुणी ताईंना आकडे सांगाल का? ६० किलोवॅटवर किती वेळ लागेल वगैरे. नवीन माणसाला तेच कळत नाही.

भटकी_चाकं
हो प्लीज. मी ज्या गाडीचा विचार करतेय तिची बॅटरी ४० युनिटची (किलोवॅट-तासांची) आहे. ६० चा चार्जर म्हणजे चाळीस मिनिटांत शून्य ते पूर्ण, एवढंच का?

फेज_न्यूट्रल
कागदावर तसंच. प्रत्यक्षात तीन भानगडी.

चार्जरवर लिहिलेले ६० हे त्याचं कमाल. किती घ्यायचे ते गाडी ठरवते. गन लावली की गाडी आणि चार्जर आधी एकमेकांशी बोलतात, किती व्होल्ट, किती अँपिअर चालतील, केबलचं इन्सुलेशन ठीक आहे का, आणि मगच करंट सुरू होतो. तुमच्या गाडीची मर्यादा ५० असेल तर ५०.

मग ते बॅटरीच्या पातळीवर आणि तापमानावर. वीस ते ऐंशी टक्के झटपट जातं. बॅटरीतल्या पेशींचं व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकलं की करंट कमी करत न्यावाच लागतो, नाहीतर पेशी खराब होतात. म्हणून शेवटच्या वीस टक्क्यांना कधीकधी आधीच्या साठ टक्क्यांइतका वेळ जातो. थंडीत बॅटरी गार असेल तर सुरुवातीलाच वेग कमी मिळतो, आणि कडक उन्हात उलट तिला थंड करत बसावं लागतं. ४० च्या बॅटरीत वीस ते ऐंशी म्हणजे २४ युनिट, हिशेबाने २४ मिनिटं होतात, तुम्ही पस्तीस-चाळीस धरून चला.

आणि तिसरं, जे स्टेशनवाला बोर्डावर लिहीत नाही. एका चार्जरला दोन गन असतील तर ते ६० दोघांत वाटले जाऊ शकतात. शेजारी कुणी लावली की तुमचे ३० होतात आणि लोक म्हणतात चार्जर खराब आहे. शिवाय आत छोटे छोटे पॉवर मॉड्यूल असतात, त्यातलं एक गेलं तर चार्जर बंद पडत नाही, कमी ताकदीने चालत राहतो. धुळीने पंख्याची जाळी तुंबली तरी तेच.

रात्रपाळी
हे सगळ्या चार्जरवर मोठ्या अक्षरात चिकटवा. माझी शेजारच्या गाडीवाल्याशी यावरून भांडणं झालीत.

सावळागोंधळ
मध्येच विचारतो, माफी असावी. रोज डीसीवर चार्ज केलं तर बॅटरीची वाट लागते म्हणतात ते खरं का? माझा भाऊ म्हणतो दोन वर्षांत बदलायला लागेल.

टॉर्कवाला
भावाला सांगा थोडं कमी व्हॉट्सॲप वाचत जा. दोन वर्षं वगैरे काही नाही. बॅटरीचा खरा वैरी उष्णता, आणि शंभर टक्क्यांवर भरून दिवसेंदिवस उन्हात उभी करणं. डीसीने जास्त तापते हे खरं, म्हणून जमेल तेव्हा एसीवर (घरच्या साध्या प्लगसारख्या विजेवर) हळू चार्ज करायची. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी असेल तर मात्र मधूनमधून पूर्ण शंभर करायला कंपन्याच सांगतात, कारण तिचं व्होल्टेज जवळजवळ सपाट असतं, मग नेमकी किती शिल्लक आहे याचा गाडीला अंदाज चुकत जातो.

निळीशाई
आता ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ का? सगळे डीसीवर अडकलेत म्हणून सांगते. ताई, तुमची गाडी दिवसातला सगळ्यात जास्त वेळ कुठे उभी असणार? घर नाही तर ऑफिस. तिथे साधा १५-१६ अँपिअरचा प्लग आहे का ते बघा. त्यातून तीन-सव्वातीन किलोवॅट मिळतात. रोज चाळीस किलोमीटर चालवत असाल तर सहा-सात युनिट लागतील, म्हणजे अडीच तास. तुम्ही मीटिंगमध्ये डुलक्या घेताय तोवर झालं. माझं वर्षभर असंच चाललंय आणि डीसी स्टेशनवर मी फक्त गावाला जाताना जाते. त्या स्टेशनकडे आशेने बघणं सोडा आणि ऑफिसच्या मेंटेनन्सवाल्याशी मैत्री करा.

दुसरा_मजला
आमच्या ऑफिसने 'एकाला दिलं तर सगळे मागतील' म्हणून नाही म्हटलं. सगळे म्हणजे मी आणि अजून एक जण.

फेज_न्यूट्रल
एक सूचना, साध्या प्लगवर तासन्‌तास चार्ज करणार असाल तर तो पॉइंट आधी वायरमनकडून तपासून घ्या. सलग आठ तास पूर्ण करंट ओढणारी दुसरी वस्तू घरात क्वचितच असते, ढिला पिन असेल तर सॉकेट वितळतं. आणि अर्थिंग. गाडीबरोबर येणाऱ्या चार्जरवर लाल दिवा लागून चार्जिंग सुरू होत नाही तेव्हा दहातल्या बहुतेक वेळा गाडी ठीक असते, भिंतीतलं अर्थिंग गायब असतं. एक्स्टेंशन बोर्ड लावून जुगाड करू नका, हात जोडून सांगतो.

सावळागोंधळ
एक्स्टेंशन काढून ठेवतो.

भटकी_चाकं
खूप आभार सगळ्यांचे. ऑफिसात विचारलं. चक्क 'बघू' म्हणालेत, 'नाही' नाही म्हणाले.

(बाकी आज तिकडे रस्ता खोदलेला होता!! कडेने लांब चर, त्यात जाड केबल आणि वर लाल पट्टी टाकत होते.)

फेज_न्यूट्रल
केबल आली की मग. लाल पट्टी म्हणजे उच्च दाबाची केबल खाली आहे ही पुढच्या खोदणाऱ्याला सूचना. आता चौथऱ्यावर लक्ष ठेवा.

खवट
धाग्याला आता क्रिकेटच्या धावत्या वर्णनासारखा रंग चढलाय. चौथरा काय म्हणतो?

भटकी_चाकं
धागा वर काढतेय. चौथऱ्यावर ट्रान्सफॉर्मर बसला! करडा रंग, बाजूला पंखे असतात तसे पत्रे, धोक्याची पाटी. पण स्क्रीन अजून काळीच.

फेज_न्यूट्रल
ते पत्रे तेल थंड करायला असतात. आता मीटर आणि तपासणी, मग चार्जर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन कमिशनिंग (म्हणजे पहिल्यांदा चालू करून तपासणी) करेल. सिमकार्ड टाकून चार्जर सर्व्हरला जोडावा लागतो, दर भरावे लागतात, ॲपमध्ये दिसायला लागला पाहिजे. हे झाल्याशिवाय वीज असूनही गाडीला करंट मिळत नाही, कारण पैसे कुणाकडून घ्यायचे हे चार्जरला कळत नाही.

पेट्रोलप्रेमी
आता तर मलाही उत्सुकता लागलीय, च्यायला.

रात्रपाळी
या या, आत या. गाडी कधी बघायला जायचं?

पेट्रोलप्रेमी
चौथऱ्यापुरतीच आहे उत्सुकता.

भटकी_चाकं
आज तिथे दोन माणसं होती. एक जमिनीवर मांडी घालून लॅपटॉप मांडून बसलेला, दुसरा एका गाडीला गन लावतोय, काढतोय, परत लावतोय. गनचं प्लास्टिक फाडून बाजूला टाकलेलं. मी विचारलं तर म्हणाले वेगवेगळ्या गाड्या लावून बघावं लागतं, एका कंपनीची गाडी बोलणी अर्धवट सोडून देते, सॉफ्टवेअर बदलायला पाठवलंय. स्क्रीनवर माझ्यादेखत लाल चौकट आली, मग निळी, मग पुन्हा लाल. हिरवे पट्टेही नवीन मारलेत.

खवट
पट्ट्यांना दुसरा हात. मी वर काय म्हटलं होतं ते वाचा आणि माझ्या पाया पडा.

निळीशाई
माझी गाडी त्याच बोलणी सोडणाऱ्या जातीची आहे. दोनदा गन काढून लावली की तिसऱ्यांदा ऐकते.

भटकी_चाकं
सुरू झालं! सकाळी ॲपवर हिरवं दिसलं म्हणून वाट वाकडी करून गेले. चारपैकी तीन गन चालू, चौथीवर 'सेवा उपलब्ध नाही'. एक आजोबा नातवाला घेऊन आले होते, त्यांची गाडी लागलेली, आणि पलीकडे पट्ट्यांवर एक पेट्रोलची गाडी, आत ड्रायव्हर सीट मागे टाकून झोपलेला. मी गाडी बुक केली, ऑफिसच्या प्लगच्या भरवशावर. मेंटेनन्सवाल्यांनी पॉइंट तपासून दिला, अर्थिंग खरंच नव्हतं.

टॉर्कवाला
अभिनंदन!! रंग कुठला?

दुसरा_मजला
अभिनंदन ताई. मी ॲपमध्ये बघितलं, ते माझ्या आत्ताच्या स्टेशनपेक्षा जवळ पडतंय, त्यामुळे रांगेत भेटूच. एक विनंती, ऐंशीला काढा. शंभरपर्यंत लावून खरेदीला निघून जाणाऱ्यांनी माझं आयुष्य खाल्लंय.

भटकी_चाकं
ऐंशीला काढीन, वचन. (रंग निळा.) पण समजा कुणी गाडी पूर्ण भरून गायब झालाच, तर आपण त्याची गन काढली तर चालते का?

रात्रपाळी
निघतच नाही. चार्जिंग चालू असताना गाडी गनला आतून लॉक करते. संपल्यावर काही गाड्या आपोआप सोडतात, काही मालकाने किल्लीने उघडल्याशिवाय सोडत नाहीत. ओढाताण करू नका, पिन तुटली तर भुर्दंड तुमच्यावर. मी काचेला माझा नंबर लिहिलेला कागद लावून ठेवतो, संपलं असेल तर फोन करा म्हणून. पहाटे तीनला पण फोन येतात. येऊ देत.

फेज_न्यूट्रल
चौथ्या गनची तक्रार केलीत का कुणी? चार्जरवर कोपऱ्यात त्याचा नंबर असलेलं स्टिकर असतं, हेल्पलाइनला तो नंबर सांगा, नुसतं 'चालत नाही' सांगितलं तर ते दुरून रीस्टार्ट करून तक्रार बंद करतात. स्क्रीनवर एरर कोड असेल तर त्याचा फोटो काढा.

भटकी_चाकं
उद्या जाते आहे, फोटो काढून इथेच टाकते.